मानाच्या क्रमाने चिखलात

आमच्या माहेरची चार माणसं कुठेही निघाली की आधी पुढे कोण चालणार हे ठरतं; कुठे जायचं ते मागाहून बघतात. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे ग्वाल्हेरला आले ते दरबारात कोणी कुठे बसायचं याच्या याद्या सांभाळायला, असं सांगतात. दरबार गेला, याद्या गेल्या, खोड मात्र पोराबाळांत उतरली. फोटोत कोण कोणाच्या मागे उभं राहील या वादात आमच्याकडे नवरानवरी स्टेजवर ताटकळलेली मी स्वतः पाहिली आहेत. हे मी हसत सांगते आहे म्हणून मी त्यातली नाही असं कोणी समजू नये. माझं नाव यादीत खाली गेलं की माझंही डोकं फिरतं.

तर गेल्या पावसाळ्यात अशा या घराने चिखलात गाड्या घालायचं ठरवलं.

कल्पना पुतणीची. दादाची ही मुलगी गुडगावला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्या हौशी मंडळींबरोबर डोंगरातून, नदीनाल्यांतून गाडी चालवते. त्याचे व्हिडिओ ती आम्हाला पाठवायची. गाडी दारापर्यंत चिखलात, आणि आतली माणसं खुशीत ओरडताहेत. "यात ओरडण्यासारखं काय आहे? रडायला पाहिजे," असं वहिनी म्हणायची. पण राखीला पुतणी घरी येणार होती, तेव्हा त्या रविवारी सगळ्यांनी मिळून एकदा करून बघू, असं निघालं. तिघरा धरणाच्या पलीकडे एका गावाच्या शिवारातून जाणारी कच्ची वाट तिने शोधून ठेवली होती. वाटेत एक नाला. त्यावर पूल नाही, नुसता रपटा, म्हणजे पाण्याखालून जाणारी दगडी फरशी. पाऊस झाला की दोन्ही काठांना गुडघाभर चिकट चिखल.

"बस, नाला क्रॉस करायचा, उस पार डबा खायचा आणि परत," ती फोनवर म्हणाली. "सिंपल है, आत्या."

तिच्यासाठी असेल. आम्हाला नुसतं ठरवायलाच तीन रविवार लागले.

बैठका हरिशंकरपुरमला दादाच्या घरी व्हायच्या. आम्ही दोघं नवरा-बायको दर्पण कॉलनीतून वेळेवर पोचायचो, कारण उशिरा येणाऱ्याला दाराजवळची खुर्ची मिळते. अध्यक्ष काका. काका म्हणजे आमच्या बाबांचे धाकटे भाऊ; दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून घरात सगळ्यांत वडील तेच. त्यांची उभी नोकरी सरकारी कचेरीच्या दफ्तरखान्यात गेली. घरात कसलीही बैठक असली की ते लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत तिचा वृत्तांत लिहितात, आणि एकदा वहीत आलं की देवाच्या बापालाही ते बदलता येत नाही. माझ्या लग्नात बुंदी की जिलबी हा वाद त्या वहीत बुंदीच्या बाजूने मिटला आहे. अजूनही कोणी कुरकुर केली की काका पान उघडून दाखवतात.

पहिल्या रविवारी पुतणीने व्हिडिओ कॉलवर नियम सांगितले. चिखलात एका वेळी एकच गाडी. ती पार होऊन हात दाखवेपर्यंत बाकीच्यांनी कोरड्या जमिनीवर, लांब थांबायचं. गाडी ओढायचा पट्टा आणि लोखंडी कड्या एक जोड पुढच्या गाडीत, एक मागच्या. आणि सगळ्यांत अनुभवी माणूस पुढे. काका मान खाली घालून लिहीत होते. "अनुभवी" या शब्दाशी त्यांनी मान वर केली.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"आजोबा, अनुभव म्हणजे चिखलातला."

"अगं, बहात्तर पावसाळे पाहिलेत मी."

"वो वाला नहीं, आजोबा!"

पण ओळ पडली होती. वहीत ओळ पडली की संपलं.

काकांच्या मागे कोण? यावर एक अख्खी दुपार गेली. आमचे हे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना पावसाचा अंदाज वाचण्यापलीकडे त्या सहलीत रस नव्हता, ते भाबडेपणाने म्हणाले, "मला आपलं शेवटी ठेवा, काका, मी हळू चालवतो."

काकांनी पेन खाली ठेवलं. "जावयाला शेवटी? लोक काय म्हणतील?"

लोक म्हणजे त्या शिवारातल्या म्हशी. पण जावई दुसरे, हे ठरलं. दादा घरचा यजमान, म्हणून तिसरा. या तिन्ही गाड्या दिसायला उंच, पोटभर जेवलेल्या; पण चढाओढीने घेतलेल्या त्या गाड्यांत एकीच्याही चारही चाकांना जोर नव्हता. पुढची दोन चाकं ओढणार आणि मागची दोन नुसती बरोबर जाणार. पुतणीने हे तीनदा सांगितलं. काकांनी "गाड्या: उत्तम" असं लिहिलं.

मग पुतणी म्हणाली, "और दादाजींची जीप? फोर-बाय-फोर तर तीच आहे फक्त."

वहिनीने चहाचे कप गोळा करायला घेतले.

ती जीप आमच्या बाबांची. बाबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांच्या काठाने कच्च्या वाटांवर त्यांची सारी हयात गेली. तसल्याच वाटांसाठी त्यांनी जुनी जीप लिलावात घेतली आणि शेवटपर्यंत ठेवली. ते गेल्यापासून ती दादाच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. वहिनीचं म्हणणं एका वाक्यात असायचं, "नवी गाडी उन्हात आणि भंगार सावलीत." खरं सांगायचं तर तिचं चूक नव्हतं. पण ती "भंगार" म्हणाली की मी उठून ताडपत्री सारखी करून यायची.

"विकून टाकू," दादा घाईने म्हणाला. "शिवपुरीचा एक जण मागे लागलाय."

मी उसळले. "दोन वर्षं झाली नाहीत बाबांना, आणि तू गिऱ्हाईक बघून ठेवलंस?"

"तू तर लगेच भडकतेस. उभी राहून राहून सडतेय ती."

माझ्या भडकण्याला कारण होतं, तेही सांगते. दादाला अठरावं लागलं तेव्हा बाबांनी त्याला त्या जीपवर शिकवलं. माझं अठरावं आलं आणि गेलं. मी पंचेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, एका लहान गाडीवर, माझ्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर शिकले. ज्याला ती जीप मिळाली होती तोच ती विकायला निघाला होता, आणि जिला कधी मिळाली नाही ती मी तिच्यासाठी भांडत होते. याचा मला फार राग यायचा.

काकांनी तोडगा काढला. वहीत त्यांच्या त्या उभ्या, सरळ अक्षरात त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "जीप सहलीस न्यावी. स्वबळावर नाला ओलांडील तर घरात राहील. अन्यथा विक्री." वहिनी म्हणाली, ठीक. दादा म्हणाला, ठीक. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मीही ठीक म्हटलं, आणि त्या रात्रीपासून माझी झोप उडाली.

दुसऱ्या रविवारी जीप चालवणार कोण, हा प्रश्न निघाला. काका, आमचे हे आणि दादा यांना आपापल्या गाड्या होत्या. पुतणी चालवणार हे उघड होतं, पण काकांना ती शेजारी हवी होती, वाट दाखवायला. वडीलधाऱ्या माणसाला एकटं सोडून नातीने मागून यायचं हे बरं दिसत नव्हतं. वहिनीला चालवता येत नाही. म्हणजे मी उरले. मला निवडलं वगैरे काही नाही, पंगतीत शेवटी एक पान उरावं तशी उरले. काकांनी लिहिलं, "जीप: चौथी. चालक: चि. सौ." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "जमेल ना?" हे त्यांनी बाकी कोणाला विचारलं नव्हतं.

सामानाचंही तसंच. जेवणाचे डबे मानाच्या, म्हणजे पहिल्या गाडीत. पट्टे, कड्या, फावडं, पोती, हा असला गबाळा कारभार शेवटच्या गाडीत.

"आजोबा, एक पट्टा तुमच्या गाडीत पाहिजे. रूल आहे," पुतणी काकुळतीला आली.

"अगं, वडीलधाऱ्यांच्या गाडीत दोरखंड? कोणाला बांधून न्यायचंय का?"

तिने कॅमेऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिला गुडगावचे डोंगर माहीत होते, हा डोंगर नवा होता.

तिसरा रविवार टोप्यांत गेला. चिखलात सगळे सारखेच दिसतील, तेव्हा आपली माणसं ओळखू यायला एकसारख्या टोप्या हव्यात, असं काकांच्या मनाने घेतलं. आम्ही टोपी बाजारात दीड तास फिरलो आणि शेवटी पाच निळ्या टोप्या घेतल्या. काकांना साधी निळी पसंत पडेना, म्हणून त्यांची लाल. दरम्यान एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पोर्चमध्ये येऊन जीप सुरू करून दिली. ती दोनदा खोकली, धूर सोडला आणि मग अशी धडधडायला लागली की वहिनीच्या तोंडून "अगंबाई" निघालं. तिला आनंद झाला होता की काय, असं मला वाटलं, पण तिने लगेच तोंड फिरवलं.

सहलीच्या दिवशी सकाळी आम्ही हरिशंकरपुरमहून क्रमाने निघालो. बेडई-कचोरी खाऊन पोटं जड झालेली. जीपची सीट बाबांच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली होती, आणि ती गंजून तिथेच बसली होती. माझे पाय पोचेनात. वहिनी काही न बोलता आत गेली आणि सोफ्यावरच्या दोन भरतकामाच्या उशा घेऊन आली. एक माझ्या पाठीशी लावली, दुसरी खाली दिली. "मळल्या तर तूच धुवायच्या," म्हणाली आणि शेजारच्या सीटवर चढून बसली. बायका एका गाडीत, असंही वहीत होतं.

ती शेजारची सीट माझी. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत बाबा मला फिरतीवर न्यायचे. दादाला गाडी लागायची. निम्म्या वाटेत उलट्या सुरू व्हायच्या, म्हणून तो घरी राहायचा. त्या सीटवरून मी बाबांचे हातपाय बघत असायची. कुठे चिखल लागला की ते गाडी लांब उभी करायचे, खाली उतरायचे, बूट काढून त्यात मोजे कोंबायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि छत्री टोचत टोचत आधी स्वतः पार चालून यायचे. मग छोटा गिअर टाकून सावकाश. एखादा ट्रक रुतलेला दिसला की थांबून ओढून द्यायचे आणि तेवढा वेळ त्या ट्रकवाल्यावर ओरडत राहायचे. हे सगळं मला पाठ होतं. मला शिकवलं नव्हतं, पण पाठ होतं.

नाल्याशी पोचलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. आमच्या ह्यांनी फोनवर बघून "आज पावसाची शक्यता नाही" असं जाहीर केलं आणि थेंब पडायला लागले. वाट अरुंद, दोन्हीकडे बाजरीची शेतं. उतार सुरू होतो तिथपासून रपट्यापर्यंत सगळा चिखल, वरून गुळगुळीत, पुरणावर तूप सोडल्यासारखा.

काका लाल टोपी सारखी करून उतरले. गाडीतून नव्हे, उतारावर. तीस-चाळीस हात गेले असतील, गाडीचं ढुंगण डावीकडे सरकलं आणि पुढची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. ते जितकं ॲक्सिलरेटर दाबत तितकी गाडी खाली बसत होती.

नियमाप्रमाणे इथे बाकीच्यांनी लांब थांबायचं होतं. पुतणी खिडकीतून अंग बाहेर काढून दोन्ही हातांनी तेच सांगत होती. "रुको! सब वहीं रुको!" पण घरातले वडील अडचणीत आणि जावयाने दुरून गंमत बघायची? आमचे हे काकांच्या मदतीला निघाले. काय मदत करणार होते ते त्यांना आजही सांगता येत नाही. जवळ जाऊन उभं राहायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. जवळ जाऊन उभे राहिले आणि तिथेच बसले. आता काका आणि जावई दोघं रुतलेले, मग मुलाने कसं थांबायचं? दादा गेला. अर्ध्या उतारावर तोही बसला. पाच मिनिटांत आमचं घराणं मानाच्या क्रमाने, एकामागे एक, चिखलात नीट मांडून झालं.

मी थांबले होते. शहाणपणाने नाही. जीप दिसली, चिखल दिसला आणि मी सवयीने गाडी लांब उभी करून खाली उतरले, चपला काढल्या, साडी खोचली. पाय टाकल्यावर कळलं की सवय माझी नव्हतीच, ती बाबांची होती. मला एकदम रडू आलं. वहिनी वरून ओरडली, "काय झालं? काटा लागला?" मी हो म्हटलं.

"आत्या!" पुतणी लांबून किंचाळत होती. "पट्टे तुझ्याकडे आहेत! सिर्फ तुझ्याकडे!"

काकांच्या आग्रहाने गबाळा कारभार शेवटच्या गाडीत होता, म्हणून आम्ही वाचलो. काकांनी पुढे याचं श्रेय घेतलं, तेही सांगून टाकते.

पुतणी चिखल तुडवत आली. पट्टा कुठे अडकवायचा ते तिने दाखवलं. वाकून गाडीखाली कडी लावायला कोणीतरी हवं होतं, आणि वहिनी, जी पोर्चमध्ये एक पान पडलेलं खपवून घेत नाही ती वहिनी, ढोपरांवर बसली आणि दादाच्या गाडीला कडी लावून आली. मी जीपचा छोटा दांडा ओढला, म्हणजे चारही चाकांना जोर. मागे घेऊ लागले. पट्टा ताणला. दादाची गाडी हलली, पुन्हा बसली. त्याने घाबरून क्लच दाबून धरला होता. रिव्हर्स टाकलेला असून त्याची चाकं स्वतःचा जोर लावत नव्हती.

"क्लच सोड!" मी खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडले. "क्लच! हळू! सोड म्हणते ना, गाढवा!"

साठीच्या भावाला मी गाढव म्हटलं, काकांच्या आणि नवऱ्याच्या देखत. त्याने झटकन पाय काढला. गाडी सुर्र करून मागे आली. तो उतरला तो तिथेच दाराला धरून उभा राहिला, माझ्याकडे बघत. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रागावला, असं मी समजले, आणि पुढच्या गाडीकडे वळले.

मग आमचे हे निघाले. ते निघताना "थँक यू" म्हणाले, लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर. काकांची गाडी सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत खोल. दोन्ही पट्टे एकमेकांना जोडावे लागले, आणि तेवढ्यानेही पुरेना म्हणून जीप चिखलाच्या काठावर आणावी लागली. ती रुतली असती तर सगळेच तिथे बसलो असतो. चाकांखाली पोती घातली, वहिनीच्या उशा अंगाला चिकटल्या होत्या. चौथ्या खेपेला काकांची गाडी सुटली. काका आत ताठ बसले होते, मांडीवर जेवणाचा डबा. सव्वादोन तास ते तसे बसले होते आणि त्यांनी झाकण उघडलं नव्हतं. पुतणी म्हणाली, तिने लाडू मागितला तरी दिला नाही. सगळी मंडळी जमल्याशिवाय पहिला घास कसा घ्यायचा?

मेथीचे पराठे आम्ही नाल्याच्या याच बाजूला, पावसात उभ्याने खाल्ले. पलीकडे कोणी गेलं नाही. पाणी वाढत होतं, आणि पुतणीने या वेळी आवाज चढवून सांगितलं की आता परत फिरायचं. काकांनी तिचं ऐकलं. जीपने तिन्ही गाड्या बाहेर काढल्या होत्या आणि मी हवेत होते. अट मला दादाच्या दिवाणखान्यात पाय धुऊन बसेपर्यंत आठवली नाही.

संध्याकाळी चहा झाल्यावर काकांनी वही उघडली. कपडे बदलले होते, पण लाल टोपी डोक्यावर तशीच. त्यांनी लिहिलं तेच मोठ्याने वाचलं: "प्रस्थान वेळेवर. भोजन उत्तम. वाहने क्रमांक एक, दोन व तीन रुतली, जीपने काढली. नाला: कोणीही ओलांडला नाही."

पेन थांबलं. त्यांनी मागचं पान उलटलं.

"मग..." वहिनी हळूच म्हणाली. खरंच हळूच, तिच्या हाताच्या नखांत अजून चिखल होता. "नाला जीपनेही ओलांडला नाही. तसं लिहिलंय ना? मी म्हणत नाही विका म्हणून. पण लिहिलं तर तेच आहे."

बुंदीच्या बाजूने जन्मभर त्याच वहीचा आधार घेतलेली मी, आता कोणत्या तोंडाने भांडणार होते? काका चष्मा काढून पुसायला लागले.

"ती ओळ खोडा, काका," दादा म्हणाला.

"वहीत खाडाखोड करत नाही मी."

"आज करा. जीप राहील. पण इथे नको, हिच्याकडे. हिने घेऊन जावी."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे सावली मोकळी व्हायला? आमच्याकडे पोर्चच नाही, ठाऊक आहे तुला!"

"ऐकून तर घे," तो म्हणाला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मला नाही बसवत त्या गाडीत. बाबांनी मला शिकवलं, शिकवलं म्हणतेस ना तू. अर्धा तास शिकवलं. मेळ्याच्या मैदानावर. त्या अर्ध्या तासात क्लच क्लच करून असे ओरडले, की मी गाडी तिथेच टाकून पायी घरी आलो. त्यानंतर ना त्यांनी बोलावलं, ना मी गेलो. आज तू ओरडलीस ना, तेव्हा बाबाच आले असं वाटलं मला. पाय आपोआप निघाला."

वहिनीने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"तुला मात्र सगळ्या सुट्ट्या घेऊन फिरायचे," तो म्हणाला. "मी गेटवर उभा राहून बघायचो. एकदा मी न सांगता लिंबू घेऊन ठेवलं होतं खिशात, उलटी होऊ नये म्हणून. त्यांनी विचारलंच नाही."

गेटवर उभा असलेला तो मला आठवत होता. चांगला आठवत होता. निघताना मी त्याला जीभ काढून दाखवायची. घरी राहून त्याची मजा असेल, क्रिकेट असेल, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं मी त्याच्यावर जळत होते, आणि तो माझ्यावर. मला फार वाईट वाटलं, आणि लाज वाटली.

काकांनी पट्टी घेतली आणि ती ओळ खोडली, पट्टी लावून, अगदी सरळ. खाली सही केली. मग वही मिटून टोपी काढली.

निघताना दादाने किल्ली माझ्या हातात दिली. वहिनीने उशा परत घेतल्या नाहीत. "धुऊन आण" एवढंच म्हणाली. मी जीप सुरू केली. तो गेटपाशी उभा होता, तिथेच, त्याच बाजूला.

"बस," मी म्हटलं. "दर्पण कॉलनीपर्यंत चल. हे सोडतील तुला परत."

तो जरा थांबला आणि माझ्या त्या शेजारच्या सीटवर चढून बसला. गुडघे जुळवून, समोरची धरायची दांडी घट्ट धरून. आमचे हे मागून आपली गाडी घेऊन येत होते, जावई असून सगळ्यांत शेवटी, आणि त्याबद्दल गेटवरून कोणी हाक मारली नाही. पहिल्या वळणावर दादाने खिडकीची काच खाली केली.

"जरा हळू घे," तो म्हणाला. "मला गाडी लागते."

मी घरापर्यंत दुसऱ्या गिअरवरच नेली.